मोड आणि एक दणदणीत वाफ

मागच्या अंकात हुलग्याच्या पिठल्याबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, "मोड आणायला कुणाला येत नाहीत?" ते वाक्य मला चांगलंच महागात पडलं. आलेल्या पत्रांपैकी निम्मी 'मला येत नाहीत' असं सांगणारी होती, उरलेली 'येतात, पण खायचे कसे यावरून घरात भांडण आहे' असं सांगणारी. म्हणून हा महिना सगळा मोडांचा.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी मिरजेत एकतीस वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं. त्याआधी स्वतः बडोद्याला शिकले. माहेर अलिबागच्या बाजूचं, तिथे कडवे वाल, सासरी मटकी. त्यामुळे माझा ओट्याजवळचा अर्धा जन्म ओलं फडकं पिळण्यात गेला आहे.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यात माझ्या मटकीला मोड येण्याआधीच तार सुटते आणि आंबूस वास येतो. सासूबाई म्हणतात, "तुझा हात उष्ण आहे, तुझ्याकडून मोड येणार नाहीत." खरंच असं काही असतं का? धुऊन, भरपूर मसाला घालून ती मटकी वापरली तर चालेल का?
– एक गृहिणी, चंद्रपूर

आधी हाताचं सांगते. तुमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उष्ण तुमचा हात नाही, ओटा उष्ण आहे. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.

मोड येताना दाणा श्वास घेत असतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. मोड येत असलेल्या पुरचुंडीच्या मध्यात बोट घालून बघा, कोमट लागेल. हिवाळ्यात हीच ऊब उपयोगी पडते. उन्हाळ्यात बाहेरची भट्टी आणि आतली ऊब मिळून दाणे गुदमरतात, आणि त्या ओल्या उबेत मोडांच्या आधी जंतू वाढतात. तार सुटते ती त्यांची.

तेव्हा उन्हाळ्यात पद्धत बदला. रात्री मटकी भिजत टाकून सकाळी नवाला उपसायची हा हिवाळ्याचा हिशेब झाला. मे महिन्यात सहा-सात तास पुरतात, आणि त्यातही मध्ये एकदा पाणी बदलायचं. पाणी माठातलं घ्या. भिजत टाकण्यापूर्वी मटकी तीन-चार वेळा चोळून धुवा, वर तरंगणारे दाणे फेकून द्या. उपसल्यावर पुन्हा धुवा आणि मग चाळणीत ठेवून निथळू द्या. बहुतेकजणी चुकतात त्या इथे. घाईघाईत ठिबकणारी मटकी फडक्यात बांधतात, ती पुरचुंडी स्टीलच्या डब्यात कोंबतात आणि वर झाकण गच्च लावतात. मग तळाला पाणी साचतं आणि आत वारा जात नाही. तुम्ही पुरचुंडी बांधूच नका. चाळणीत मटकी बोटभर जाडीची पसरा, वर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं टाका, खाली ताट ठेवा आणि चाळण माठाशेजारी सावलीत ठेवून द्या. दर सहा तासांनी चाळणीतच धुऊन पुन्हा निथळायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गव्हाएवढे मोड येतात. तेवढे पुरे. मग धुऊन, कोरडे करून फ्रिजमध्ये. तीन दिवसांत संपवा.

आता दुसरा प्रश्न. तार सुटलेली मटकी टाकून द्यायची. धुऊन नाही, मसाला घालून नाही, 'घरच्यांना कळणारही नाही' असं म्हणून तर मुळीच नाही. उकळल्यावर जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. एक वाटी मटकी वाया जाते तेव्हा जीव हळहळतो, मलाही हळहळतो. पण दवाखान्याचा खर्च मटकीच्या भावाने होत नाही.

जाता जाता एक. मोड आलेल्या मटकीतून गणंग निवडून काढायचा कंटाळा करू नका. तो दाणा भिजत नाही, शिजतही नाही. माझ्या सासऱ्यांची दाढ एका गणंगानेच गेली आणि पुढची वीस वर्षं ती गोष्ट मला ऐकावी लागली.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जिमला जातो. रोज सकाळी दोन वाट्या कच्चे मोड आलेले मूग खातो आणि जेवणात भाकरी-पोळी बंद केली आहे. मोड आल्यावर प्रथिनं तिप्पट होतात आणि बी-१२ तयार होतं, असं त्याने मोबाइलवर पाहिलं आहे. आम्ही शाकाहारी आहोत. हे बरोबर आहे का?
– एक आई, ठाणे

तुमच्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि हे मोठ्याने वाचून दाखवा.

शंभर ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. ते भिजवून, मोड आणून तोललं तर वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. प्रथिनं मात्र तेवढीच, २२ ते २४. वाढलं ते पाणी. म्हणजे शंभर ग्रॅम मोड आलेल्या मुगात प्रथिनं आली नऊच्या आसपास. मोड जितके लांब वाढवाल तितका हा आकडा खाली येतो, कारण दाणा स्वतःचाच साठा जाळून वाढत असतो आणि पाणी ओढत असतो. चिनी पदार्थांत घालतात ते बोटभर लांब पांढरे मोडही मुगाचेच. त्यांच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम. तिप्पट होण्याऐवजी इथे उलटी गंगा आहे.

मग मोड आणायचे तरी कशाला? दाण्यात प्रथिनं, लोह, जस्त हे सगळं असतं, पण कुलपात. फायटिक आम्ल नावाचा पदार्थ लोह आणि जस्त धरून ठेवतो. मोड येताना दाणा स्वतःच त्या कुलपाची किल्ली तयार करतो, कारण ती खनिजं कोंबालाही हवी असतात. फायटिक आम्ल कमी होतं आणि आपल्या पोटाला लोह थोडं अधिक मिळतं. लोह वाढत नाही, हाती लागतं. शिवाय कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांबरोबर नव्याने तयार होतं. एवढंच, आणि हे काही थोडं नाही.

बी-१२ चं सपशेल खोटं आहे. ते कुठल्याही मोडात तयार होत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच यायचं. मुलाची एकदा रक्ततपासणी करून घ्या आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या द्या. मोडांवर भिस्त ठेवू नका.

सगळ्यात जास्त मला खटकली ती बंद केलेली भाकरी. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात; त्यांतलं लायसिन कडधान्यात भरपूर आणि मेथिओनिन कमी. ज्वारी-बाजरी-गव्हात नेमकं उलट. दोन्ही एकाच दिवसात पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी ही जोडी बसवणाऱ्या बाईला अमिनो आम्लं ठाऊक नव्हती, पण तिच्या घरात नांगर धरणारी माणसं होती आणि कशाने अंगात बळ राहतं हे ती रोज बघत होती. साठ किलोच्या मुलाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करतो म्हणून आणखी थोडी. दोन वेळा घट्ट वरण किंवा उसळ, भाकरी, मूठभर शेंगदाणे, अर्धा लिटर दूध-दही. बघा बेरीज करून.

आणि कच्चे मोड? त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे. तेही त्याला वाचायला लावा.

प्रश्न : आमच्याकडे चतुर्थीला मुगागाठी होतात. मोड आलेल्या मुगांची सालं काढून, नारळाच्या वाटपात शिजवून करतो. माझी सून शहरात वाढलेली. ती म्हणते की शिजवल्याने सगळी जीवनसत्त्वं मरतात, मोड कच्चेच खावेत. तिने घरात कच्च्या मोडांचं सॅलड सुरू केलं आहे. नातू चार वर्षांचा आहे, तोही खातो. मी काही बोलले की जुन्या वळणाची ठरते.
– एक सासूबाई, फोंडा, गोवा

सुनेचं म्हणणं अर्धं खरं आहे म्हणून तिच्यावर चिडू नका. शिजवल्याने क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं. 'सगळी' आणि 'मरतात' हे मात्र खरं नाही. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवलं आणि ते पाणी ओतून दिलं नाही, तर बरंच शिल्लक राहतं. आणि शंभर ग्रॅम मुगाच्या मोडांत क जीवनसत्त्व असतं तेरा मिलिग्रॅमच्या आसपास. एका पेरूत त्याच्या कितीतरी पट. थोडं गेलं तर जाऊ द्या, नातवाला पेरू द्या.

या क जीवनसत्त्वाची एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या माणसांची आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. त्यांत मराठा पलटणीही होत्या. ११० वी मराठा पलटण तर तिथल्या कूट शहराच्या वेढ्यात अडकली होती. तो वेढा डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत चालला. ताजी भाजी नाही, फळ नाही. त्या मोहिमेत हिंदी सैनिकांत क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी स्कर्व्ही पसरली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी प्रयोग करत होत्या. त्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणलं तर टळते. शिध्यात अख्खं कडधान्य असलं आणि जवळ पाणी असलं की औषध हाताशीच होतं, फक्त एक-दोन दिवस थांबायचं होतं. हे वाचलं तेव्हा मी बडोद्याच्या ग्रंथालयात बसले होते आणि मला आजीची मटकीची पुरचुंडी आठवली.

आता कच्च्या मोडांचं. मे-जून २०११ मध्ये जर्मनीत हजारो माणसं रक्ती जुलाबाने आजारी पडली. बळी पन्नासच्या वर गेले, कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला, बिचाऱ्या शेतकऱ्यांचा माल सडला. शेवटी माग लागला तो मोडांचा, आणि मोड कशाचे, तर मेथीचे. बी इजिप्तमधून आलेलं. ई. कोलाय या जंतूची एक घातक जात त्या बियांवर होती आणि मोड आणताना तिला हवं ते सगळं मिळालं : ओल, ऊब आणि तीन-चार दिवस. स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असलं तरी जंतू बियांच्या सालीच्या भेगेत असतात, तिथे तुमचं धुणं पोचत नाही. वाफ पोचते.

माझीही एक चूक सांगते. १९८० च्या दशकात आम्ही मुलींचं एक शिबिर घेतलं होतं. मी नुकतीच नोकरीला लागलेली, डोक्यात नवं शास्त्र. गावातल्या बायकांना दाखवायला मी कच्च्या मोडांची मोठं पातेलंभर कोशिंबीर केली, लिंबू पिळून, कोथिंबीर भुरभुरवून. जेवणाला उशीर झाला, पातेलं दुपारभर मांडवात राहिलं. रात्री अकरा मुली उलट्या करत होत्या. सगळ्या बऱ्या झाल्या, पण त्या रात्री विहिरीवरून पाणी आणता आणता स्वयंपाकीणबाई मला एवढंच म्हणाल्या, "बाई, एक वाफ आणली असती तर काय बिघडलं असतं?" तेव्हापासून मी मोडांना वाफ आणते.

तेव्हा सुनेला सांगा, सॅलड खुशाल कर, पण मोड उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाकून मग उपस. करकरीतपणा राहतो. एरवी निरोगी, धडधाकट माणसाने घरचे ताजे मोड कधी कच्चे खाल्ले तर मी आकाशपाताळ एक करणार नाही. पण लहान मुलं, गरोदर बाया, साठी उलटलेले आणि आजारपणातून उठलेले यांनी शिजवलेलेच खावेत. नातवाचं सॅलड आजपासून बंद. राजमा आणि वाल तर मोड आले तरी कुणीच कच्चे खायचे नाहीत. त्यांच्यातले अपायकारक पदार्थ नीट उकळल्याशिवाय जात नाहीत. आमच्याकडे श्रावणी सोमवारी बिरडं असायचं. वाल सोलता सोलता एखादी डाळिंबी तोंडात टाकली की आई हातावर चापट मारायची. ती चापट शास्त्राला धरून होती हे मला फार उशिरा कळलं.

आणि मुगागाठी? त्या सोडू नका. नारळ आहे, मोड आहेत, वाफ आहे. आणखी काय हवं?

प्रश्न : मावशी, मी एडिंबरात शिकायला आलोय. आई फोनवरून सांगते तसं मटकी भिजवून फडक्यात बांधतो, पण तीन दिवस झाले तरी मोड नाहीत, नुसता वास येतो. खोलीत फार थंडी असते. मिसळ खायची फार इच्छा आहे.
– एक विद्यार्थी, एडिंबरा

अरे बाळा, आईचं फडकं बरोबर आहे, हवा चुकीची आहे. आईच्या स्वयंपाकघरात २८ अंश असतील, तुझ्याकडे पंधरा-सोळा.

पहिल्यांदा भिजवतानाच कोमट पाणी घे, कढत नाही. दहा-बारा तास भिजव. मग उपसून, निथळून, फडक्यात सैल बांध. एका कॅसरोलमध्ये गरम पाणी ओतून पाच मिनिटांनी काढून टाक, आतून कोरडा पूस आणि त्यात पुरचुंडी ठेव. झाकण किंचित उघडं ठेव. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने मटकी धुऊन पुन्हा हाच खेळ. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावता येत असेल तर त्या दिव्याची ऊब उत्तम, फक्त ओव्हन चालू करायचा नाही. घरात आणखी मुलं राहत असतील तर दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लाव, नाहीतर कुणीतरी पिझ्झा भाजायला ओव्हन तापवेल आणि तुझी मटकी फुटाण्यासारखी होईल.

तरीही मोड आले नाहीत तर मटकी जुनी आहे. वीस दाणे मोजून वेगळे भिजव. पंधरा-सोळांना मोड आले तर माल ठीक, पाच-सहांना आले तर दुकान बदल. आणि बागकामाच्या दुकानातलं पेरायचं बी स्वस्त दिसलं म्हणून चुकूनही आणू नकोस. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं.

मटकी जमेपर्यंत मुगाची मिसळ कर. कोल्हापूरकरांना सांगू नकोस म्हणजे झालं.

प्रश्न : नात आठ महिन्यांची आहे. मी तिला घरी केलेलं नाचणीसत्व सुरू करावं म्हणते. मुलगी म्हणते, डब्यातलंच बरं, घरच्या सत्त्वात काय असतं कुणाला माहीत. शिवाय शेजारणीने सांगितलं की तसंच ज्वारीला मोड आणून पीठ करून दे. काय करू?
– एक आजी, सातारा

ज्वारीचं आधी, कारण ते तातडीचं आहे. ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो. कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं तर दगावतं, हे तुमच्या साताऱ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जे बैलाला झेपत नाही ते आठ महिन्यांच्या पोरीला द्यायचं नाही. ज्वारीची भाकरी, ज्वारीची पेज, सगळं चालतं; अडचण कोंबाची आहे.

नाचणीची गोष्ट वेगळी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, बाकीच्या धान्यांत त्याच्या आसपासही कुणी नाही. पण मोड आलेल्या नाचणीचा खरा उपयोग मला बडोद्याने शिकवला. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात यावर बरंच काम झालं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं, आणि ते पिठूळपणा तोडतं. घरी करून बघा. साध्या नाचणीच्या पिठाची खीर इतकी घट्ट करा की चमचा उभा राहील. ती बोटाला सोसेल इतपत निवली की मोड आणलेल्या नाचणीचं पीठ अर्धा चमचा घालून ढवळा. पाचेक मिनिटांत ती घट्ट खीर ओतता येईल इतकी पातळ होते, पाण्याचा थेंब न घालता. मग पुन्हा एक उकळी आणायची. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. पातळ हवं म्हणून आपण पाणी ओततो आणि त्या मुठीएवढ्या पोटात पाणीच जातं. या युक्तीने खीर पातळ होते आणि आतलं अन्न तेवढंच राहतं. विद्यार्थिनींसमोर मी हा प्रयोग करायचे तेव्हा मागच्या बाकावरच्याही पुढे यायच्या.

करायची रीत तुम्हाला माहीतच असेल. नाचणी निवडून, धुऊन, रात्रभर भिजवा. फडक्यात एक-दीड दिवस ठेवा, कोंब दिसला की सावलीत फडक्यावर पसरून खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा, दळा, वस्त्रगाळ करा. पावसाळ्यात करू नका. वाळायला तीन-चार दिवस लागले की बुरशी धरते, आणि बुरशीचा वास भाजल्यावर लपतो, बुरशी जात नाही. जरा शंका आली तर गुरांनाही घालू नका.

वर्षाच्या आत मध घालायचा नाही, चाटवायचाही नाही. साखर-मीठ नको. आईचं दूध चालूच ठेवायचं. आणि मुलीला रागावू नका, तिच्यादेखत सत्त्व करा. 'काय असतं कुणाला माहीत' हा तिचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर तिला परातीत दिसू दे.

प्रश्न : वय ६८. उसळ खाल्ली की पोट फुगतं, चारचौघांत लाज वाटते. तीन वर्षं कडधान्य बंद आहे. मोड आणून खाल्लं तर चालेल का?
– एक निवृत्त कर्मचारी, सोलापूर

चालेल, पण हळूहळू. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, खाली मोठ्या आतड्यातल्या जंतूंना मिळतात आणि ते वायू करतात. मोड येताना दाणा याच साखरा खाऊन वाढतो, म्हणून मोड आलेलं कडधान्य पोटाला हलकं. भिजवलेलं पाणी फेकायचं, चांगले दोन दिवस मोड येऊ द्यायचे आणि बोटाने दाबल्यावर पीठ होईल इतकं शिजवायचं. तुमच्या वयाला करकरीत उसळ नको.

सुरुवात मुगाने, पाव वाटीने, दुपारच्या जेवणात. आठवड्यातून दोनदा. तीन-चार आठवड्यांत पोट सरावतं. मग मटकी. हुलगे माडग्याच्या रूपात घ्या, वाल सगळ्यात शेवटी. फोडणीत हिंग आणि ओवा घाला. हे मी घरच्या अनुभवावर सांगते. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

लाजेचं म्हणाल तर, सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाणाऱ्या चारचौघांत तुम्ही एकटेच असाल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मोड चांगले, तर मोड आलेला बटाटा का टाकतात?
– एक वाचक, जळगाव

कारण त्या कोंबात आणि हिरव्या झालेल्या सालीत सोलॅनिन हे विष असतं आणि ते शिजवून जात नाही. एखादाच बारीक कोंब असेल आणि बटाटा घट्ट असेल तर कोंब खोलवर कोरून टाकून वापरा. मऊ, सुरकुतलेला, हिरवा बटाटा सरळ कचऱ्यात. कांद्याला मोड आले तर हरकत नाही, पात समजून चिरा.

प्रश्न : आजी, मी सातवीत आहे. आमच्या वर्गात वाद झाला. मटकीचा मोड म्हणजे तिचं खोड की मूळ? आणि दाणा उलटा ठेवला तर मोड वर जातो का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

या महिन्यातला सगळ्यात आवडता प्रश्न तुझा.

आधी बाहेर येतं ते मूळ. आपण उसळीत खातो ती बहुतेक मुळंच असतात. दाण्याला तसंच वाढू दिलं तर मागून खोड आणि पानं येतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सांगणार नाही. काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने ओला कागद लाव, कागद आणि काच यांच्यामध्ये चार दाणे अडकव. मोड जरासा बाहेर आला की दोन दाण्यांचा मोड वरच्या दिशेला राहील असे फिरवून ठेव, बाकीचे तसेच. कागद वाळू देऊ नकोस. रोज सकाळी वहीत चित्र काढ, आणि तिसऱ्या दिवशी त्या दोन मोडांनी काय केलं ते मला पत्राने कळव.